संकल्प आणि नेम

बीडहून केजकडे जाणारा रस्ता मांजरसुंब्याची चढण चढून बालाघाटाच्या पठारावर येतो आणि थोड्याच अंतरावर नेकनूर हें गांव लागतें. नेक म्हणजे भला आणि नूर म्हणजे तेज. हे दोन शब्द कानांवर पडतांच या मुलखावर शतकानुशतकें दक्षिणेंतील मुसलमानी राजवटी नांदल्या, याची सहज आठवण होते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हें गांव निजामाच्या राज्यांत मोडत होतें. आसपासच्या खेड्यापाड्यांना तें ठाऊक आहे तें आठवडी बाजाराचें गांव म्हणून. परंतु वारकऱ्यांपाशीं नेकनूरचें नांव काढलें कीं त्यांना प्रथम आठवतात ते बंकटस्वामी महाराज. त्यांचा मठ येथें आहे, आणि त्यांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्यास आजहि टाळमृदंगाच्या नादांत माणसें जमतात.

या गांवाची आठवण येथें करण्याचें कारण निराळें आहे. मनांत एखादी इच्छा दृढ धरावी, तिच्यावर चित्त एकाग्र करावें, ती पूर्ण होणारच असा शुभ विचार अहोरात्र बाळगावा, म्हणजे ती सिद्धीस जाते, अशी एक शिकवण गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत साऱ्या जगांत पसरली आहे. शहरांतील पुस्तकांच्या दुकानांत तिचीं पुस्तकें राशीनें मांडलेलीं असतात. परीक्षेस बसणाऱ्या मुलांना, धंद्यांत खोट आलेल्या गृहस्थांना आणि आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या नातलगांना तिचा उपदेश मोठ्या आस्थेनें केला जातो. ही शिकवण खरी कितपत आणि पोकळ कितपत, हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. ज्याची इच्छा फळली नाहीं त्याला पुढें काय सांगावयाचें, हा त्या प्रश्नाचाच दुसरा भाग असून घरोघर त्याची गांठ पडते. या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रानें फार पूर्वीं केलेला आहे. त्या विचाराचा माग काढूं गेलें असतां पाऊल नेकनूरच्या मठापर्यंत जातें.

संकल्प हा शब्द मराठी घरांत नवा नाहीं. वास्तुशांत असो, मुंज असो, कीं श्रावणांतली साधी पूजा असो, आरंभीं यजमान हातांत उदक व अक्षता घेऊन बसतो आणि पुरोहित संकल्प सांगतो. त्या संकल्पाची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रथम स्थळ सांगावयाचें: जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य देश, आणि बीडसारख्या प्रदेशांत गोदावरीचा दक्षिण तीर. मग काळ सांगावयाचा: शालिवाहन शकाचें अमुक संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार, नक्षत्र. पुढें यजमानाचें गोत्र व नांव येतें. त्यानंतर इच्छित फळाचा उच्चार होतो, आणि अखेरीस कोणतें कर्म करावयाचें तें सांगून हातांतलें पाणी ताम्हनांत सोडलें जातें.

या लांबलचक वाक्याचें क्रियापद ‘करिष्ये’ हें आहे. म्हणजे ‘मी करीन.’ फळाचा उल्लेख वाक्यांत येतो खरा. परंतु ‘मला मिळेल’ असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. इच्छा कोणाची, ती कोठें व केव्हां उच्चारिली, आणि तिच्यापायीं तो मनुष्य काय करणार, एवढें सर्व निश्चित झाल्यावांचून संकल्प पुरा होत नाहीं. शेवटीं पाणी सोडावयाचें तेंहि अर्थपूर्ण आहे. मराठींत एखाद्या वस्तूवर पाणी सोडणें म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडणें. ज्या क्षणीं कर्माचा निश्चय झाला त्याच क्षणीं हात रिकामा होतो.

संकल्पाचें माहात्म्य याहूनहि जुन्या काळापासून गाइलेलें आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या चौतिसाव्या अध्यायाच्या आरंभीं सहा मंत्र असून त्यांना शिवसंकल्प सूक्त म्हणतात. प्रत्येक मंत्राच्या शेवटीं ऋषि एकच मागणें मागतो: आपलें मन शुभ संकल्पाचें असावें. शेवटच्या मंत्रांत मनाला कुशल सारथ्याची उपमा दिलेली आहे. तो जसा घोड्यांना लगामानें आवरून नेतो तसें मन माणसांना नेतें. या ठिकाणीं धन, पुत्र किंवा जय यांची मागणी नाहीं. मन नीट असावें, एवढीच ती आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायांत नारद सनत्कुमारांकडे जातो तेव्हां सनत्कुमार त्याला एकाहून एक श्रेष्ठ अशा तत्त्वांची पायरी दाखवितात. नामाहून वाणी मोठी, वाणीहून मन मोठें, आणि मनाहून संकल्प मोठा. संकल्पाची थोरवी सांगतांना उपनिषद् म्हणतें कीं द्यावापृथिवी, वायु आणि आकाश हींहि संकल्पावर उभीं आहेत. आजच्या इच्छासिद्धीच्या उपदेशकांना हें वचन फार आवडतें. परंतु सनत्कुमार तेथें थांबत नाहींत. संकल्पाहून चित्त मोठें, त्याहून ध्यान, त्याहून विज्ञान, त्याहून बळ, आणि बळाहूनहि मोठें अन्न! दहा दिवस उपाशी राहिलेला मनुष्य जिवंत राहिला तरी त्याला ना दिसत, ना ऐकूं येत, ना विचार करतां येत, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. संकल्पाच्या डोक्यावर अन्नाला बसविणारें हें उपनिषद् व्यवहाराला विसरलेलें नाहीं. आणखी पुढें त्या पायऱ्यांत आशाहि येते, आणि ती अन्नाच्याहि वर आहे. पण तिच्याहि वर प्राण आहे. म्हणजे आशेला मान आहे. मात्र तिच्या खालचीं पायऱ्या गाळून तिच्यापाशीं पोहोंचतां येत नाहीं.

भगवद्गीतेनें या विचाराची दुसरी बाजू मांडली. सहाव्या अध्यायांत कामना या संकल्पापासून उत्पन्न होतात असें सांगून त्या निःशेष टाकण्यास सांगितलें आहे. संकल्प हें बळ आहे, तसेंच तें बंधनहि आहे. मराठींत ‘संकल्पविकल्प’ हा जोडशब्द मनाच्या चंचलपणासाठीं रूढ झाला तो याच विचारांतून. संकल्प धरूं नये असा याचा अर्थ नव्हे. कोणता संकल्प धरावा आणि त्याचें ओझें कशावर ठेवावें, हें ठरविणें हाच भारतीय विचारांतला कळीचा मुद्दा राहिला.

सामान्य माणूस मात्र उपनिषदें उघडून बसत नाहीं. त्याची इच्छासिद्धीची वाट नवसाची. मूल होऊं दे, पीक येऊं दे, खटला सुटूं दे, मग अमुक वाहीन, असा देवाशीं केलेला तो करार असतो. त्यांतहि एक शिस्त आहे. बोललेला नवस फेडलाच पाहिजे. पण त्यांतील गोम संतांनीं ओळखली होती. नवसानें मुलें होत असतीं तर नवऱ्याची गरज काय, असा रोखठोक सवाल तुकोबांनीं टाकला. ज्ञानदेवांनीं १२९० मध्यें नेवासें येथें ज्ञानेश्वरी पूर्ण करून शेवटीं जें पसायदान मागितलें त्यांत स्वतःसाठीं म्हणून एकहि वस्तु नाहीं. दुर्जनांचा दुष्टपणा जावा, प्राणिमात्रांत मैत्री व्हावी, ज्याला जें हवें तें त्याला मिळावें, असें तें मागणें आहे. इच्छेचा त्याग न करतां तिचा परीघ वाढविण्याचा तो मार्ग होता.

इच्छा आणि श्रम यांचा संबंध बीड जिल्ह्यांतच दुसऱ्या एका थोर पुरुषाच्या चरित्रांत पाहावयास मिळतो. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांच्या बाळपणाची कथा प्रसिद्ध आहे. वडिलांकडून वसुलाचा भरणा न झाल्यामुळें बेदरच्या दरबारानें मुलाला ओलीस ठेविलें आणि मुदतींत पैसा न आल्यास त्याचें धर्मांतर करण्याचें ठरविलें. मुलानें दत्ताचा धांवा केला, आणि दत्ताजी पाडेवार नांवाचा कोणी पुरुष पैसा भरून निघून गेला. तो साक्षात् दत्तच, अशी भक्तांची श्रद्धा आहे. या कथेंत इच्छा बाहेरून पुरी झाली. परंतु त्या मुलाचें पुढचें आयुष्य पाहिलें तर तेथें बाहेरून कांहीं आलेलें दिसत नाहीं. गीतेवर ‘गीतार्णव’ हा लाखावर ओव्यांचा ग्रंथ त्यांनीं रचिला. चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरणाचा विषय लिहून काढला. ती पासोडी अंबाजोगाईस आजहि आहे. दंतकथेंतला चमत्कार मानावा कीं न मानावा, हें ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर; चाळीस फूट कापडावर ओळीमागून ओळ लिहिणारा हात मात्र कोणालाहि नाकारतां येत नाहीं.

वारकऱ्यांनीं या सर्वांतून एक साधा शब्द उचलला: नेम. गळ्यांत तुळशीची माळ घालतांना वारकरी फळ मागत नाहीं. आषाढी-कार्तिकीची वारी करीन, एकादशीस उपवास करीन, हरिपाठ म्हणेन, मद्यमांसास शिवणार नाहीं, एवढें तो स्वतःवर घेतो. संकल्पांतलें ‘करीन’ तेवढें राहिलें, आणि फळाचा उल्लेख गळून पडला. स्थळ ठरलेलें, पंढरपूर; काळ ठरलेला, एकादशी; साक्षीदार म्हणून गळ्यांतली माळ. असा नेम मोडला तर तो कोणी मोडला हें लगेच कळतें, आणि पाळला तर तो दैवानें पाळला असें म्हणतां येत नाहीं.

या नेमाला शाळेचें रूप देण्याची इच्छा पुण्याच्या विष्णुबुवा जोगांच्या मनांत आली. १८६७ मध्यें जन्मलेल्या या पुरुषाला तरुणपणीं तालमीचा व कुस्तीचा नाद होता. पुढें ते तुकोबांच्या अभंगांत रमले. गाथेचें सार्थ संपादन त्यांच्या हातून झालें. वारकरी कीर्तनकारांनीं ज्ञानेश्वरी, गाथा, अमृतानुभव हे ग्रंथ गुरुमुखानें नीट शिकावे, कोणाहि जातीच्या मुलाला तें शिक्षण विनामूल्य मिळावें, हा त्यांचा हेतु. १९१७ मध्यें आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन झाली. बंकटस्वामी, लक्ष्मणमहाराज इगतपुरीकर, मारुतीबुवा गुरव व सोनोपंत दांडेकर हे त्यांचे शिष्य या कार्यांत त्यांच्याबरोबर होते. शिकणाऱ्यानें फी द्यावयाची नाहीं, शिकविणाऱ्यानें वेतन घ्यावयाचें नाहीं, आणि पोटासाठीं मधुकरी मागावयाची, अशी तिची रीत पडली.

संस्थेस तीन वर्षें होतात न होतात तोंच १९२० मध्यें जोगमहाराज निवर्तले. या संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा म्हणून ओळखला जातो. त्या मापानें पाहिलें तर विद्यार्थ्यांची एक पुरी पिढीहि त्यांना डोळ्यांनीं पाहावयास मिळाली नाहीं. इच्छेचें फळ इच्छा करणाऱ्याच्याच पदरीं पडलें पाहिजे असें मानलें तर त्यांचा संकल्प निष्फळ झाला असें म्हणावें लागेल. पण घडलें तें वेगळें. गुरूचा संकल्प शिष्यांनीं आपला नेम केला. सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) पुण्यांत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुढें प्राचार्य झाले, तरी वारी आणि कीर्तन त्यांनीं सोडलें नाहीं. बंकटस्वामींनीं आळंदीचें ज्ञान मराठवाड्याच्या कोरड्या माळरानांत नेलें.

त्या कामाचें मोल समजण्यास त्या काळचें निजामी राज्य डोळ्यांपुढें आणावें लागतें. आळंदीची संस्था निघाली त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १९१८ मध्यें, हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. देशी भाषेंत उच्च शिक्षण देणारा तो मोठा प्रयोग होता; परंतु ती भाषा उर्दू होती. मराठवाड्याच्या मराठी शेतकऱ्याला आपल्या भाषेंतल्या थोर ग्रंथांची ओळख शाळेंत होण्याचा संभव थोडा. ती होई मंदिराच्या ओट्यावर, कंदिलाच्या उजेडांत, कीर्तनाला बसून. नेकनूरच्या मठानें हें काम केलें. भगवानगडाचे भगवानबाबा (१८९६–१९६५) यांच्या गुरुपरंपरेंत नारायणगडाच्या माणिकबाबांबरोबर बंकटस्वामींचेंहि नांव घेतलें जातें. एका माणसाची इच्छा अशी हातोहात पुढें गेली.

याच सुमारास सात समुद्रांपलीकडे इच्छेचें एक निराळें शास्त्र तयार होत होतें. अमेरिकेंत मेन प्रांतांतील फिनिआस क्विम्बी (१८०२–१८६६) हा घड्याळें दुरुस्त करणारा कारागीर रोगी माणसांना असें सांगूं लागला कीं तुमचा रोग तुमच्या चुकीच्या समजुतींत आहे. त्यांतून जी चळवळ निघाली तिला ‘नवविचार’ असें नांव पडलें. प्रेंटिस मल्फर्डनें विचार ही वस्तूच आहे असें प्रतिपादिलें. राल्फ वाल्डो ट्राइनचें पुस्तक १८९७ मध्यें निघून त्याच्या लाखों प्रती खपल्या. विल्यम जेम्ससारख्या मानसशास्त्रज्ञानेंहि १९०२ मध्यें या चळवळीची गंभीरपणें दखल घेतली. १९०६ मध्यें विल्यम वॉकर अॅटकिन्सननें विचारांच्या आकर्षणाच्या नियमावर पुस्तक लिहिलें, आणि १९१० मध्यें वॉलेस वॅटल्सनें श्रीमंत होण्याचें शास्त्र सांगितलें. रोग बरा करण्यासाठीं निघालेला विचार दोन पिढ्यांत पैशाच्या थैलीपाशीं येऊन पोहोंचला.

या व्यवहारांत हिंदुस्थानाचें नांवहि वापरलें गेलें. १८९३ मध्यें विवेकानंदांनीं शिकागोस भाषण केलें आणि १८९६ मध्यें त्यांचा ‘राजयोग’ प्रसिद्ध झाला. त्यानंतर योग या शब्दाला अमेरिकेंत भाव आला. वर उल्लेखिलेल्या अॅटकिन्सननें ‘योगी रामचारक’ असें नांव धारण करून योगावर पुस्तकांमागून पुस्तकें लिहिलीं, आणि तीं हिंदुस्थानांतहि आलीं. पतंजलीच्या सूत्रांत धारणा व ध्यान यांच्या आधीं यम, नियम, आसन, प्राणायाम आणि प्रत्याहार या पांच पायऱ्या आहेत. सत्य आणि अपरिग्रह यांचा समावेश पहिल्याच पायरींत होतो. या नव्या शास्त्रानें खालच्या पायऱ्या काढून घेतल्या आणि एकाग्रता तेवढी ठेविली. अपरिग्रहाची अट पाळून श्रीमंतीचें ध्यान करणें कठीण, हें उघडच आहे.

युरोपांत एमिल कुए (१८५७–१९२६) या फ्रेंच औषधविक्याची पद्धति याहून निरागस होती. दिवसेंदिवस आपण सर्व प्रकारें सुधारत आहों, अशा अर्थाचें एक वाक्य सकाळीं उठतांना व रात्रीं निजतांना वीस वेळां म्हणावें, आणि मोजण्यासाठीं वीस गांठींची दोरी हातांत धरावी, असें तो सांगे. दोरीच्या त्या गांठी पाहून कोणाहि वारकऱ्यास आपल्या माळेची आठवण झाली असती. पुढें नेपोलियन हिल (१९३७), नॉर्मन व्हिन्सेंट पील (१९५२) आणि रोंडा बर्न (२००६) यांच्या पुस्तकांनीं ही विचारसरणी घरोघर नेली. बर्नबाईंनीं तर आपली स्फूर्ति शंभर वर्षांपूर्वींच्या वॅटल्सच्या पुस्तकांतून घेतल्याचें सांगितलें आहे.

महाराष्ट्रांतहि शुभ विचारांच्या सामर्थ्याची शिकवण देणारे सत्पुरुष झाले. त्यांत वामनराव पै (१९२३–२०१२) यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनीं १९५५ मध्यें नाम संप्रदाय मंडळ स्थापिलें. त्याचेंच पुढें जीवनविद्या मिशन झालें. आपल्या जीवनाचे शिल्पकार आपणच, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा. परंतु त्यांची विश्वप्रार्थना सर्वांच्या भल्याची मागणी करते. शुभचिंतनास सर्वांच्या सुखाशीं जोडण्याची पसायदानाची वाट तिनें सोडलेली नाहीं.

आतां प्रश्न असा कीं शुभचिंतनानें खरोखर कांहीं साधतें काय? गेल्या चाळीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं याची प्रयोगानें परीक्षा घेतली आहे. गॅब्रिएले एटिंगेन या जर्मन विदुषीनें थॉमस वॅडन यांच्यासह वजन कमी करूं पाहणाऱ्या २५ स्त्रियांचा वर्षभर अभ्यास केला. तो १९९१ मध्यें प्रसिद्ध झाला. आपल्याला हें जमेल असा विश्वास ज्यांना होता त्यांचें वजन अधिक उतरलें. परंतु आपण सडपातळ झालों आहों अशा गोड चित्रांत ज्या रमत होत्या त्यांचें वजन, तशीं चित्रें न रंगविणाऱ्यांच्या मानानें, सुमारें २४ पौंड कमी उतरलें. विश्वास आणि मनोराज्य या दोन वस्तु वेगळ्या आहेत, हें त्यांतून दिसून आलें. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांच्या बाबतींतहि असेंच आढळलें. यशाचीं स्वप्नें अधिक पाहणाऱ्यांनीं अर्ज कमी केले आणि दोन वर्षांनंतर त्यांचा पगारहि कमी होता. याचें कारण समजण्यास अवघड नाहीं. मनानें मुक्काम गांठला असें एकदां वाटलें म्हणजे पायांतला जोर ओसरतो.

१९९९ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठांत फाम व टेलर यांनीं परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग तर प्रत्येक आईबापानें ध्यानांत ठेवावा असा आहे. कांहीं विद्यार्थ्यांना उत्तम गुण मिळाल्याचें चित्र रोज डोळ्यांपुढें आणावयास सांगितलें. दुसऱ्यांना आपण अमुक ठिकाणीं बसून अभ्यास करीत आहों असें चित्र आणावयास सांगितलें. दुसऱ्यांनीं अभ्यासास लौकर आरंभ केला, अधिक वेळ दिला आणि अधिक गुण मिळविले. एकाग्र चिंतन दोघांनींहि केलें होतें. फरक होता तो ‘मिळेल’ आणि ‘करीन’ यांत.

पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाचा शोध याच्याहि पुढें जातो. आपण अमुक करूं असें नुसतें ठरविण्यापेक्षां, अमुक वेळीं अमुक ठिकाणीं अमुक करूं असें ठरविलें तर काम घडण्याचा संभव पुष्कळ वाढतो. १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत विद्यार्थ्यांना नाताळची आदली रात्र कशी घालविली याचें वर्णन दोन दिवसांत लिहून पाठवावयाचें होतें. कोठें व केव्हां लिहूं हें ज्यांनीं आधीं नक्की केलें त्यांतील सुमारें तीनचतुर्थांशांनीं तें मुदतींत पाठविलें. इतरांतील सुमारें एकतृतीयांशांनींच. २००६ पर्यंत झालेल्या ९४ परीक्षणांचा एकत्र विचार केला असतां हाच निष्कर्ष दृढ झाला. ताम्हनावर हात धरून देश, काळ, नांव आणि कर्म उच्चारण्याची जुनी रीत पाहिलेल्या मराठी माणसाला यांत ओळखीचें कांहीं दिसल्यावांचून राहणार नाहीं. त्या रीतीच्या कर्त्यांना मानसशास्त्राचे प्रयोग ठाऊक होते असें म्हणण्याचें कारण नाहीं. माणसाचा निश्चय कशानें टिकतो याचा त्यांचा अनुभव मात्र खरा होता.

इच्छासिद्धीच्या शास्त्रावरचा सर्वांत मोठा आक्षेप अजून राहिलाच आहे. मनुष्याला जें मिळतें तें त्याच्या विचारांनीं ओढून आणलेलें असतें, असें एकदां मानलें म्हणजे ज्याला कांहीं मिळालें नाहीं त्याचे विचारच खोटे ठरतात. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊसतोडीस घराबाहेर पडतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पहाटेपासून काम चालतें. तें मूल मागच्या मागें झोपडीशीं राहतें, आणि त्याची शाळा बुडते. या माणसांपाशीं इच्छेची वाण आहे काय? पाऊस पडावा, मूल शिकावें, उचल फिटावी, या इच्छा जितक्या तीव्र त्यांच्या मनांत असतात तितक्या क्वचित् कोठें असतील. त्यांचें दारिद्र्य त्यांच्या विचारांतून आलें असें म्हणणें म्हणजे पावसाची, जमिनीची आणि मजुरीची जबाबदारी त्यांच्याच माथीं मारणें होय. सनत्कुमारांनीं संकल्पाच्या वर अन्नाला बसविलें तें उगीच नव्हे. ज्याला अन्नाची भ्रांत आहे त्याला शुभचिंतनाचा उपदेश करण्यापूर्वीं उपदेशकानें ती पायरी आठवावी.

आजाऱ्याच्या उशाशींहि हाच न्याय लागूं पडतो. धीर धरल्यानें दुखणें सोसण्यास बळ येतें, औषध वेळेवर घेतलें जातें, घरांतलीं माणसें खचत नाहींत. हा लाभ थोडा नाहीं. परंतु रोग बरा झाला नाहीं तर रोग्याचा विश्वासच कमी पडला, असें ठरविणारी शिकवण दुःखावर डागणी देणारी आहे.

नेमाच्या वाटेंत ही क्रूरता नाहीं, हें तिचें मोठें वैशिष्ट्य. २०२० च्या आषाढींत महामारीमुळें पायीं वारी झाली नाहीं. संतांच्या पादुका थोड्याशा माणसांसह एस्टीच्या गाडींतून पंढरपुरास नेण्यांत आल्या. वर्षानुवर्षें चालत जाणाऱ्या लाखों वारकऱ्यांना घरीं राहावें लागलें. त्यांची इच्छा त्या वर्षीं पुरी झाली नाहीं, आणि त्यांत त्यांच्या श्रद्धेचा दोष होता असें कोणी म्हटलें नाहीं. वारी अडली तरी माळ गळ्यांतच होती, एकादशी पाळतां येत होती, हरिपाठ घरच्या ओट्यावर म्हणतां येत होता. जगाच्या हातांत होतें तें जगानें अडविलें. नेमाचा जो भाग स्वतःच्या हातांत होता तो शिल्लक राहिला.

इच्छेला मान द्यावा, आशा सोडूं नये, मन शुभ ठेवावें. यांत कोणाचें दुमत असण्याचें कारण नाहीं. पण इच्छा बोलून दाखवितांना ती ‘मिळेल’ या क्रियापदावर संपते कीं ‘करीन’ या क्रियापदावर, हें एकदां तपासून पाहावें. आळंदीच्या शाळेची इच्छा करणारा पुरुष तिचीं फळें पाहण्यास उरला नाहीं. तरी शाळा उरली, तिचे शिष्य उरले. नेकनूरच्या मठांत पुण्यतिथीच्या रात्रीं विणेकरी वीणा गळ्यांत घालून उभा राहतो आणि तो थकला कीं दुसरा ती आपल्या गळ्यांत घेतो. सोहळा संपेपर्यंत वीणा खालीं ठेवावयाची नाहीं, असा नेम आहे. आपल्या पाळीपुरता उभा राहणारा प्रत्येक जण तेवढेंच मनांत धरतो, आणि वीणा रात्रभर वाजत राहते.